हळदीच्या खुणेची फडकी

पहिलीच्या पोरांसमोर तोंड सांभाळून बोलावं लागतं, हे मला नोकरीत वर्ष काढूनही उमगलं नव्हतं. थंडीचे दिवस होते. वर्गात गारठा, म्हणून मी पोरांना घेऊन शाळेच्या पायऱ्यांवर उन्हाला बसले होते आणि पाटीवर 'डोंगर' लिहून दाखवत होते. समोर ज्वारी-तुरीच्या रानांपलीकडे आमचं टेकाड उन्हात निवांत बसलेलं. मी सहज बोट केलं आणि म्हटलं, "तो बघा डोंगर. जायचं का आपण तिथं एक दिवस?"

झालं! 'एक दिवस' हे दोन शब्द कोणाच्याच कानात शिरले नाहीत. एकाने पाटी दप्तरात कोंबली, दुसऱ्याने नाक पुसून चड्डी वर ओढली, आणि बघता बघता एकमेकांचे हात धरून फाटकाकडे रांग लागली. "अरे आत्ता नाही रे, बसा खाली!" मी ओरडतेय, ओरडतेय. रांगेतली एक चिमुरडी मागे वळून मलाच म्हणाली, "चला की बाई, जल्दी. मंग ऊन व्हतंय."

दिवेलागणीच्या आत अख्ख्या गावाला कळलं की बाई लेकरांना डोंगरावर नेऊन राह्यली. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, "कधी जायाचं म्हणता?" जणू मी सगळं ठरवूनच बसले होते. आता माघार घेतली असती तर पोरांनी मला जन्मभर खोटारडी म्हटलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर मलाच जायचं होतं. वय एकवीस, पायात दम, आणि वर्षभर रोज नजरेसमोर ते टेकाड. मी परतूरची. वडील रेल्वेच्या रुळांवर कामाला, त्यामुळे आमचं सगळं लहानपण सपाटीवर आणि शिट्ट्यांच्या आवाजात गेलेलं. उंचावर चढून खाली बघायची मला हौसच हौस.

गाव भोकरदनपासून पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला, आत. तेव्हा जालना जिल्हा व्हायचा होता, तो भाग औरंगाबादेत मोडायचा. शाळा दोन खोल्यांची. तिसरी-चौथीला गुरुजी, पहिली-दुसरीला मी. राहायला शाळेच्या मागे एक खोली मिळाली होती, चूल आणि मोरीसकट.

माझ्या घाईला अजून एक कारण होतं आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही बौद्ध. मी गावात पोचायच्या आधीच गावाला ते कळलं होतं. गाव तसं वाईट नव्हतं, उलट माया फार. भाजी निघाली की बाईला, हुरडा भाजला की बाईला, सणाला पुरणपोळीसुद्धा बाईला. पण सगळं यायचं पळसाच्या पानावर नाहीतर द्रोणात. वाटीत कधीच नाही. याचा अर्थ बाहेरच्या माणसाला चटकन कळायचा नाही. आमच्या भागात कोणी वाटीतून काही पाठवलं तर ती वाटी रिकामी परत करायची नसते. दोन शेंगा घाला, गुळाचा खडा घाला, काहीतरी घालूनच द्यायची. म्हणजे मला वाटी पाठवली की माझ्या चुलीवरचं काहीतरी त्यांच्या घरात जाणार. पान पाठवलं की प्रश्नच मिटला. खा, आणि पान टाका शेळीपुढे.

वर्षभर मी पुरणपोळ्या खाल्ल्या आणि पानं शेळ्यांना घातली. शेळ्या माझ्यावर खूश. पण मला एक वाटी हवी होती, काय वाट्टेल ते झालं तरी हवी होती. आणि वनभोजनाला सगळे एकत्र जेवायला बसतात, तेव्हा कोणीतरी माझ्या फडक्यातला एक घास उचलेल, एवढीच माझी आशा. सांगायलासुद्धा लाज वाटावी इतकी साधी.

गुरुजींना विचारलं तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. माणूस भला, पण काळजीखोर असा की फळ्यावर पाल दिसली तरी शाळा सोडून देईल. "बाई," ते म्हणाले, "ही लेकरं आहेत की मुंग्या? एक इकडं, एक तिकडं. मोजता मोजता संध्याकाळ व्हायची." मग त्यांनीच उपाय काढला. एक लांब दोर घ्यायचा आणि सगळ्यांनी तो धरून चालायचं. हात सोडला की घरी. मला उपाय फार पटला. आम्ही लगेच आडाचा दोर आणून शाळेभोवती रंगीत तालीम घेतली.

त्या तालमीचं काय सांगू! पुढचं पोरगं वेगात निघालं, मागचं बुटकं पोरगं दोराला लटकून अधांतरी. मध्येच एकाला लघवीला लागली. दोर सोडला तर बाई घरी पाठवणार, म्हणून तो दोर धरूनच खाली बसला. तो बसला म्हणून पुढचा बसला, मागचा बसला, आणि क्षणात सगळी रांग उकिडवी. मग ज्याला लागली नव्हती त्यालाही लागली. गुरुजी "उठा, उठा" करत धावले आणि दोरात पाय अडकून स्वतःच बसले. मी हसून हसून भिंतीला टेकले. पोट दुखलं इतकी हसले.

दुसऱ्या दिवशी शिदोरीसकट तालीम. निकाल वाईट लागला. शाळेला एक फेरी पुरी व्हायच्या आत निम्म्या पोरांच्या भाकरी पोटात. "डोंगर आला का बाई?" तोंडात घास घेऊन एकाने विचारलं. समोर शाळेची मुतारी होती. तेव्हा ठरलं की शिदोरी पोरांच्या हातात द्यायची नाही. सगळी फडकी एका टोपल्यात, टोपलं पायथ्यापर्यंत बैलगाडीत आणि पुढे गुरुजींच्या डोक्यावर. गुरुजींनी डोळे मिटले. नाही म्हणाले नाहीत. पाण्याचा प्रश्न त्यांनीच सोडवला. पायथ्याला झरा होता, थंडीत वाहता. "ज्यानं त्यानं ओंजळीनं प्यायचं," ते हळूच म्हणाले, "त्यात कोणाच्या भांड्याचा सवाल नाही." म्हणजे त्यांनाही सगळं कळत होतं.

मग संध्याकाळच्या माझ्या वाऱ्या सुरू झाल्या, घरोघर आयांची परवानगी काढायच्या. एकही आई नाही म्हणाली नाही, पण एकही नुसतं हो म्हणाली नाही. "न्या की बाई, पर दुपारी झोपतंय ते. झोपलं की उचलून घ्या." दुसरी म्हणाली, "माझं लाजरं हाय, लागली तरी सांगत न्हाई. जरा तोंडाकडं ध्यान ठेवा." म्हणजे चढताना मी पायाखाली बघायचं की सगळ्यांच्या तोंडांकडे? एका पोराच्या शेळीला नुकतंच करडू झालेलं. त्याची आई बिलकुल गंभीर होऊन म्हणाली, "त्याला करडाबिगर करमत न्हाई. करडूबी नेता का?" मी म्हटलं, "पाठवा. शाळेत नाव तेवढं घालू नका." ती हसेना. करडू यायचं ठरलं.

ओढ्यापलीकडच्या आमच्या बौद्ध वस्तीत अटी कमी होत्या आणि हसणं जास्त. तिथे एका आईने मात्र पोरीच्या केसांवरून हात फिरवत मला विचारलं, "तिथं हिला बाजूला तर न्हाई ना बसवणार?" मी म्हटलं, "मी आहे ना." म्हणाले खरी, पण घरी येईपर्यंत तेच मनात घोळत होतं. मी असून काय होतं? मीच तर वर्षभर बाजूला बसले होते.

एवढं सगळं जमत आलं, रविवार ठरला, आणि त्याच्या तीन दिवस आधी आत्या आली. आत्या म्हणजे पाटलांच्या घरातली. कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी परतलेली, भावाचं घर चालवणारी आणि जमेल तसं गावही चालवणारी. दात बरेचसे पडलेले, पण जिभेला ती कसर भरून काढता येत होती. भावाचा नातू तिच्याच कडेवर वाढला, तो माझ्या वर्गात. गोल पोट, गोल डोळे, आणि खाण्यापुढे जगात काही नाही. आत्या वर्गाच्या दारात उभी राहिली. माझ्याकडे न बघता वरच्या घंटेकडे बघत म्हणाली, "लेकरं न्या, बाई. पर मी संग येते. आन् खायाचं ज्याचं त्याचं, ज्याच्या त्याच्या फडक्यातलं. अदलाबदल न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही बया घंटेला सांगतेय की मला? जिभेवर इतकं आलं, इतकं आलं, पण पोरं टकामका बघत होती. मी नाही म्हटलं असतं तर आत्या गावात फिरली असती आणि एकाही घराने पोर सोडलं नसतं. मी म्हटलं, "बराबर आहे, आत्या." माझा आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. ती गेल्यावर पोरांना पाढे म्हणायला लावले आणि पाठ करून उभी राहिले.

आत्या बोलून थांबणारी नव्हती. घरोघर जाऊन तिने आयांना बजावलं, फडक्याला खूण करा, सरमिसळ व्हायला नको. गावाने ऐकलं. आत्याचं न ऐकायची कोणाची टाप होती?

शनिवारी दुपारी मी खोलीच्या उंबऱ्यात बसून लाल भोपळा किसायला घेतला. धपाटे मराठवाड्यात घरोघर होतात, पण माझी आई पिठात भोपळ्याचा कीस घालते. धपाटा मऊसूत होतो, दुसऱ्या दिवशीसुद्धा वातड होत नाही. मला एकटीला दोन-तीन पुष्कळ झाले असते. मी सबंध भोपळा संपवला. स्वतःवरच चिडत होते आणि किसत होते. कशाला गं एवढा? कोण खाणार आहे? हात काही थांबेना.

तेवढ्यात आत्याचा नातू समोर येऊन उभा. "हे काय हो बाई?"

"भोपळा."

"कशात घालता?"

"धपाट्यात."

तो जवळ आला. "मला?"

"तुझं तुझ्या फडक्यात असणार ना उद्या."

"हाव," तो म्हणाला. गेला नाही. परातीतल्या मसाल्यावर वाकून त्याने मोठा श्वास घेतला. "वास तर ब्येस येऊन राह्यला," एवढं बोलून मग गेला.

रविवारी उजाडायच्या आत पोरं दारात. काय तो थाट! एकाच्या अंगात बापाचा कोट, घोट्यापर्यंत. एकीने आईचं झंपर घालून वर माकडटोपी चढवलेली. एका पोराची चड्डी सुकडीच्या पिठाच्या पांढऱ्या पोत्याची. दुष्काळात मदत म्हणून ती पोती घरोघर आली होती आणि पोत्यावरचं दोन हात मिळवलेलं चित्र नेमकं त्याच्या ढुंगणावर आलं होतं. तो पुढे चालला की वाटायचं, मागच्यांशी हात मिळवतोय. करडू गळ्यात घुंगरू बांधून आलं होतं आणि सगळ्यांत शहाण्यासारखं तेच वागत होतं. आत्या काठी घेऊन, पदर खोचून हजर. मी हजेरी घेतली, टोपल्यात फडकी टाकून घेतली, माझंही टाकलं, आणि आम्ही निघालो.

त्या वाटेचं सुख मला अजून आठवतं. ज्वारी पोरांच्या डोक्यावरून वर गेलेली, पानांवर दंव, आणि त्यातून दोर धरून चाललेली किलबिल. तो दोर पहिल्या बोरीपर्यंत टिकला. पिकलेल्या बोरांचा वास आला आणि दोर जमिनीवर पडला, पोरं झाडाखाली. मी ओरडायला तोंड उघडलं तोच आत्याने काठी उगारली. मला वाटलं, आता एखाद्याला बसते. तर बाईने काठी घातली ती बोरीच्या फांदीवर! सडासडा बोरं पडली. "येचा, येचा, पाऊस पडला!" आत्या ओरडली. पुढच्या बोरीला तेच, त्याच्या पुढच्या बोरीला तेच. मी बघतच राहिले. माझ्या बाजूने चालताना एकदा तिने टेकाडाकडे काठी केली आणि म्हणाली, "लग्नाआधी आल्ते मी इथं. मंग न्हाई." तेवढंच. पण आता घंटेशी नाही, माझ्याशी बोलली होती.

झऱ्यावर ओंजळी भरभरून पाणी पिऊन झालं. प्यायलं कमी, अंगावर जास्त. मग गुरुजींनी टोपीवर चुंबळ ठेवली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि चढण सुरू झाली. मधल्या मधल्या दगडांवर बसत, लाजऱ्या पोराच्या तोंडाकडे ध्यान ठेवत आम्ही वर पोचलो. वर वारा असा की माकडटोपी उडाली आणि करडू तिच्यामागे पळालं.

आणि खाली आमचं गाव! पोरं वेडीच झाली. "बाई, आपली शाळा काडीपेटी झाली!" "ते आमचं घर, ते आमचं!" "न्हाई, ते आमचं!" एकाच घरावर तीन पोरांचा हक्क. भोकरदनची एसटी धुरळा उडवत चालली होती, तिला सगळ्यांनी हात केले. बापाच्या कोटातलं पोरगं दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडलं, "आयेऽऽ! मी हितं हाय!" मग काय, प्रत्येकाला आपापल्या आईला सांगायचंच होतं. सगळं टेकाड 'आये, आये' करून दणाणलं. मीसुद्धा ओरडले. माझी आई तिकडे परतूरला, तिला कुठून ऐकू जाणार? तरी ओरडले. फार बरं वाटलं.

ओरडून भूक लागली. गुरुजींनी टोपलं खाली ठेवलं, मान चोळली आणि म्हणाले, "चला, आपापलं फडकं ओळखा." मी टोपल्यात बघितलं. आत्याने बघितलं. आणि दोघींच्याही तोंडून एकदमच "अगं बाई!" निघालं.

सगळी फडकी पांढरी. सगळी त्याच सुकडीच्या पोत्याची, कारण घरोघर धडकं पांढरं कापड तेवढंच उरलं होतं. आणि खूण? आत्याने सांगितल्याप्रमाणे प्रत्येक आईने खूण केली होती. हाताशी चुलीजवळ काय असतं? हळदीचा डबा. एकजात सगळ्यांनी हळदीचं बोट लावलं होतं! पाटलाच्या घरचं बोट तसंच, वस्तीतलं बोट तसंच. मी माझ्या फडक्याला काही केलं नव्हतं, पण धपाट्याचं हळद-तेल झिरपून त्यालाही कोणाच्या नकळत तसाच डाग पडला होता. आता ओळखा!

आत्याने हार मानली नाही. एक फडकं उचलून ठासून म्हणाली, "हे आमचं." सोडलं, तर आत मेथीची भाजी. "आमच्यात मेथी न्हाई केली," पुटपुटत परत बांधलं. दुसरं उचललं, हुंगलं, सोडलं, तर ठेचा. पोरांना विचारावं तर पोरं प्रत्येक फडक्याला "माझंच!" म्हणायला तयार. गुरुजी आकाशाकडे बघायला लागले. मला हसू फुटत होतं आणि भीतीही वाटत होती. आत्या म्हणाली असती, चला खाली, घरी जाऊन खा, तर? उपाशी पोरं ते टेकाड उतरली असती का? आणि मी पुन्हा कधी कोणाला कुठे नेऊ शकले असते?

पोरांनी आमची वाट बघितली नाही. वस्तीतली ती पोरगी, जिच्या आईने मला विचारलं होतं ती, एक फडकं सोडून मधोमध बसली आणि भाकरी मोडून खायला लागली. तिच्याशेजारी कोटवाला बसला, त्याने तिच्यातलं लोणचं उचललं. मग कशाचं काय! फडकी सुटली, भाकरी इकडच्या तिकडे, कोणाचा गूळ कोणाच्या तोंडात. "मला दे रे." "तू हे घे." करडूसुद्धा एका फडक्यातली मेथी ओढत होतं. आत्या दोनदा "अरे, अरे" म्हणाली, आणि मग बाजूच्या दगडावर जाऊन बसली. मांडीवर एक फडकं, न सोडलेलं. तोंड घट्ट मिटलेलं. मी उभीच. जेवायचं मला सुचलंच नाही.

तेवढ्यात तिचा नातू दोन्ही हातांत धपाटे घेऊन तिच्याकडे धावत गेला. लांबूनच मला ते ओळखू आले. "आत्या, आ कर," तो म्हणाला. "हे मऊ हाय, तुला चावंल." आणि तिने काही बोलायच्या आत त्याने घास तिच्या तोंडात सारला.

आत्या चावायला लागली. चावता चावता तिचा चेहरा सैल झाला. कडक भाकरी दुधात भिजवून खाणारी म्हातारी ती, तिला असा घास किती दिवसांनी मिळाला असेल. "ब्येस हाय की रे," ती म्हणाली. "कोनाच्या घरचं?"

"बाईचं," पोरगं म्हणालं. "त्यात भोपळा हाय. मी बघितला ना किसताना."

आत्याचं तोंड थांबलं. गुरुजींचा हात तोंडाकडे जाता जाता थांबला. आता ती थुंकणार. इथे, पोरांच्या समोर, माझ्या समोर. थुंकली तर मी काय करीन? रडीन? की भांडीन? मी मनातल्या मनात म्हणत होते, नको गं बाई, नको.

आत्याने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा असं सरळ, डोळ्यांत. मग तिने तो घास गिळला.

"मीठ बराबर हाय," ती म्हणाली. नातवापुढे हात पसरून म्हणाली, "आन अजून. सगळं तूच खातू का?"

माझ्या तोंडून आधी काय निघालं, हसू की हुंदका, मला नाही सांगता येत. मी तिथेच धपकन खाली बसले आणि कोणाच्या तरी फडक्यातली कोणाची तरी भाकरी खायला लागले. कोणाची ते आजतागायत माहीत नाही. जन्मात तशी भाकरी खाल्ली नाही, एवढं माहीत आहे. उतरताना आत्या गुरुजींना आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "गावात कोनी काई इचारलं तर तुमी तोंड उघडू नका. सांगायचं ते मी सांगते." पोरं पायथ्याच्या गाडीत पडल्या पडल्या झोपली. करडूही झोपलं.

पुढचे काही दिवस मी जीव मुठीत धरून होते. आत्या काय सांगणार? काही सांगितलं की नाही? शाळेत पोरं तेवढीच येत होती, कोणी काही विचारलं नाही. एक दिवस वांगी आली. पळसाच्या पानावर. मी ते पान शेळीपुढे टाकलं आणि मनात म्हटलं, बस झालं, टेकाडावरचं टेकाडावर राहिलं. असा राग आला, असा राग आला की वांगी तशीच ठेवली आणि चहा पिऊन झोपले.

आणि मग एका सकाळी शाळा भरायच्या आधी आत्याचा नातू माझ्या दारात. दोन्ही हातांनी काहीतरी पोटाशी धरलेलं, जीभ बाहेर काढून, सांडू नये म्हणून पाऊल मोजून टाकत. पितळेची वाटी! चिंचेने लख्ख घासलेली, आणि आत घट्ट सायीचं दही.

"आत्यानं दिलं," तो म्हणाला. "आन् म्हणली, वाटी घरची हाय, ठिवून घिऊ नका. परत पाह्यजे."

मी वाटी हातात घेतली. थंडगार, जड. "बराबर," मी म्हटलं. आणि वाटीकडे बघतच राहिले. पोराला वाटलं असेल, बाईला दही आवडलं नाही. म्हणून त्याने धीर दिला, "गोड हाय, मी चाखलं."

मी हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. घरात काय होतं, काय नव्हतं, सगळं धुंडाळलं. परतूरहून आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी फडताळात होती, ती वाटीत काठोकाठ भरली, चमच्याने दाबून दाबून भरली. झाकायला माझ्याकडे छोटी ताटली नव्हती. मग दारातल्या पळसाचं पान तोडलं, वाटीवर ठेवलं, आणि ती पोराच्या हातात दिली.